हिऱ्यांना वजन नसतं

मी एका जुन्या व्हिडिओ गेमचा रिमोट आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव तापट आहे. लोकांनी वर्षानुवर्षं तुमच्या डोक्यावर अंगठे दाबले असते, रागाच्या भरात तुम्हाला भिंतीवर आपटलं असतं, तर तुम्हीही काही गोड बोलला नसता.

माझं अंग काळ्या प्लास्टिकचं. एका बाजूला चार दिशांच्या चार कळा, दुसऱ्या बाजूला उडी मारायची मोठी कळ, आणि मागे लांब वायर. ती वायर एका डब्यात जाते, डब्यात पिवळी कॅसेट बसते, डबा टीव्हीला जोडला की खेळ सुरू. मला डोळे नाहीत. टीव्हीच्या काचेवर काय चालतं ते मी जन्मात पाहिलेलं नाही. मला जे कळतं ते अंगठ्यांवरून आणि माणसांच्या बोलण्यावरून. तेवढं पुष्कळ झालं.

कुठल्याशा कारखान्यात एका बाईनं माझे स्क्रू पिळले आणि माझ्याकडे नीट बघितलंही नाही. मग खोकी, ट्रक, पुन्हा खोकी, आणि शेवटी आरमोरीच्या आठवडी बाजारात एका दुकानाच्या दोरीला मी फुग्यांच्या शेजारी उलटा टांगला गेलो. तिथून मला सुरजनं सोडवलं. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला होता, त्याच्या हाताला अजून पानांचा वास होता. बहिणीनं परीक्षेत चांगले मार्क घेतले म्हणून तो काहीतरी घ्यायला आला होता. बांगड्या बघितल्या, पेन बघितलं, आणि घेतलं मला. सांगा आता! बहिणीला बक्षीस म्हणून आणलं आणि पहिल्या दिवसापासून खेळत बसला स्वतः.

त्यांचं गाव कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला चिकटून. घरात तीन माणसं. आई वच्छलाबाई, मोठा सुरज, आणि धाकटी दीपिका. वडील मुलं लहान असतानाच गेलेले. थोडी धानाची शेती, आणि बाकी सारं जंगलावर. उन्हाळ्यात मोहफुलं, मग तेंदूची पानं, मग चारोळी, हिरडा. हे घर वेचून जगणारं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा मनस्ताप त्याच्यातून निघाला.

आता खेळ काय होता ते सांगतो. डाव्या टोकाला नदीकाठी एक झोपडी. तिथून एक छोटा गडी निघतो, पाठीवर पिशवी. उजवीकडे जात राहिलं की नदी, मग रान, मग खाण, आणि शेवटी डोंगर. डोंगराच्या माथ्यावर एक बंद दार. खाणीत अंगावर धावून येणारं एक डुक्कर, आणि वाटेत सगळीकडे हिरे सांडलेले. झाडाच्या फांदीवर, दगडामागे, पाण्याखाली, अगदी झोपडीच्या पायरीवरसुद्धा एक. सगळे वेचले की घंटा वाजते, आणि मग ते दार उघडता येतं. एक जरी राहिला तर दार ढिम्म हलत नाही. दारापलीकडे काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खोक्यावर छापलेलं नव्हतं, आणि गावात असला खेळ दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

तेवढंच बघायचं होतं भावाबहिणीला. त्या दाराआड काय आहे.

"आपन दोघं मिळून उघडू," सुरज पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "मी खेळतो, तू डोकं चालव."

यात अवघड काय, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. पण या डब्याला आठवण नावाची चीज नव्हती. वीज गेली की सगळं पुसलं. पुन्हा तीच झोपडी, पुन्हा रिकामी पिशवी. आणि ते दिवस होते दोन हजार पाच-सहा सालचे. लोडशेडिंगचे. आमच्या गावात लाईन दुपारी यायची आणि ऊन कलायच्या आत जायची. तेवढ्या वेळात सगळे हिरे वेचून डोंगर चढायचा. चढायला जमलं तर दार, नाही जमलं तर शून्य. किती वेळा शून्य झालं ते मला विचारू नका. माझ्या कडेला जे टवके उडालेत ते त्या शून्यांचे आहेत.

दीपिका डोकं चालवायची म्हणजे खरोखर चालवायची. अंगणात शेणानं सारवलेल्या जमिनीवर ती कोळशानं आख्खा नकाशा काढायची. इथे नदी, इथे रान, इथे खाण. हिऱ्यांच्या जागी चिंचोके ठेवायची. मग उकिडवी बसून एक एक चिंचोका उचलत जायची आणि तोंडानं पुटपुटायची, "हा घेतला, हा घेतला, इथून उडी, इथी खाली." कुठे एखादी फेरी वाचते का, कुठे दोन उड्यांच्या जागी एक भागते का, हे शोधण्यात तिची दुपार जायची. मध्येच कोंबड्या यायच्या आणि अर्धी खाण उकरून टाकायच्या.

"हूश! माय, तुझ्या कोंबड्याइले आवर न! माहा सारा डोंगर खाल्ला!"

"डोंगर कोन खाते वो?" वच्छलाबाई आतून हसायच्या. "अभ्यास कर म्हनावं तं चिंचोके मांडते. लग्नात बी चिंचोकेच मांडशील!"

आता ऐका त्यांची चूक. आणि मी सांगतो, ही चूक शहरातल्या कुठल्याही पोराकडून झाली नसती.

मोहफुलं कशी वेचतात ठाऊक आहे का तुम्हाला? या घरची रीत अशी होती. पहाटे रिकामी टोपली घेऊन निघायचं ते थेट सगळ्यात लांबच्या झाडापाशी. वाटेतल्या झाडाखाली फुलांचा कितीही सडा पडलेला असो, थांबायचं नाही. लांबच्या झाडापासून वेचायला सुरुवात करायची आणि वेचत वेचत घराकडे यायचं. म्हणजे टोपली जसजशी भरते तसतसं घर जवळ येतं, आणि भरल्या टोपलीचं ओझं लांबवर वाहावं लागत नाही. दाराजवळचं झाड सगळ्यात शेवटी. वच्छलाबाईंना त्यांच्या आईनं हेच शिकवलं होतं, त्यांनी मुलांना. दीपिका चालायला लागल्यापासून तशीच वेचत आली होती.

मग तिनं खेळातला रस्ता कसा आखला असेल? तसाच! गडी झोपडीतून निघायचा, पायरीवरचा हिरा तसाच ठेवायचा, नदी ओलांडायची, रान ओलांडायचं, पायापुढे लखलखणारे हिरे चुकवत चुकवत थेट डोंगराच्या माथ्याशी जायचा. तिथून वेचायला सुरुवात, आणि वेचत वेचत परत झोपडीकडे. शेवटचा हिरा पायरीवरचा. तो उचलला की घंटा वाजायची. आणि मग काय, पुन्हा आख्खं रान तुडवत डोंगराकडे पळायचं, कारण दार तर तिकडे!

घंटा दर वेळी झोपडीशीच वाजायची, म्हणून त्या दोघांना पक्कं वाटलं की पिशवी घरी आणली म्हणूनच ती वाजते. वेचलेलं घरी आणायचं असतं, यात विचारायचं काय? तुमच्या घरात पाणी माठात का भरतात हे तुम्ही विचारता का?

माझा जीव नुसता तडफडायचा. नकाशा काही मला दिसत नव्हता, पण माझ्या उजव्या कळेवर, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या कळेवर जे अंगठे घासायचे, त्यावरून मला कळत होतं की हे लोक एक रस्ता तीनदा चालताहेत. पण रिमोटला कोण विचारतो?

एका दुपारी तर हद्द झाली. घंटा वाजली होती. सुरज पळत सुटला होता. दीपिका त्याच्या खांद्यामागे गुडघ्यांवर उभी.

"पळ दादा, पळ! खान गेली, आता चढ फक्त!"

"पळूनच राह्यलो न बे! काय उडू आता?"

"उडी मार, उडी! त्या शिडीनं नोको जाऊ, वेळ जाते!"

आणि लाईन गेली. पंखा थांबला. टीव्हीची काच काळी झाली म्हणे. मग सुरजनं मला उचललं आणि समोरच्या भिंतीवर हाणलं.

"लोडशेडिंगच्या आयचा..." तो पुढे काय म्हणाला ते मी तुम्हाला सांगणार नाही.

"मारतो कायले त्याले? त्यानं काय केलं?" दीपिका मला उचलून आपल्या ओढणीनं पुसत म्हणाली. आवाज रडवेला होता. "रस्ता माहा होता. माहाच रस्ता चुकते कुठीतरी. पन कुठी चुकते तेच समजत नाई."

मग तिनं आणखी बारीक विचार केला. नदीत लाकडी ओंडक्यावरून जायचं की पोहून. खाणीत वरून उतरायचं की खालून शिरायचं. इकडे थोडं वाचलं, तिकडे थोडं वाचलं. पण हे म्हणजे फुटक्या माठाला वरून रंग देणं झालं. जिथून सगळं वाहून जात होतं तिथे कुणाचं लक्षच नव्हतं.

अशात सुरजचं नाव सैन्याच्या भरतीत लागलं. गावात पेढे वाटले गेले, वच्छलाबाईंनी घरच्या देवाला, ज्याला ते पेन म्हणतात त्याला, मोहफुलं वाहिली आणि मग चुलीपाशी बसून डोळे पुसले. सुरजला आठवड्याभरात निघायचं होतं. सगळे म्हणत होते, पोरानं नाव काढलं. तोही हसत होता. पण मला हातात घेतलं की त्याचे तळवे घामानं ओले असायचे. आधी कधी तसं होत नसे.

"दादा," दीपिका म्हणाली, "तू गेल्यावर कोन खेळीन? तू जायच्या आधी दार उघडाच लागते."

"उघडू न. तू रस्ता दे."

तीन दुपारी गेल्या. तिन्ही दुपारी डोंगराच्या पायथ्याशी लाईन गेली. चौथ्या दुपारी लाईन आलीच उशिरा. दीपिकाचं डोकं फिरलेलं, सुरजचं त्याहून जास्त. डबा सुरू झाला आणि रागारागात त्यानं माझी कळ अशी काही दाबली, की गडी सरळ झोपडीच्या पायरीवर आपटला आणि तिथला हिरा उचलून बसला.

"झालं!" दीपिका ओरडली. "पहिलाच घेतला! तो शेवटी घ्यायचा असते न, दादा! आता घंटी कशी वाजन?"

"नाई वाजली तं नाई वाजली! असंबी आज काई होत नाई. खेळू दे मले गुमान."

तो तसाच खेळत गेला. डोंगरापाशी गेला, वेचत वेचत परत फिरला. दीपिका रुसून भिंतीला टेकून बसली होती. सुरज नदीपाशी आला, पाण्याखालचा हिरा उचलला, आणि घंटा वाजली.

अंगठे माझ्यावर जागच्या जागी थांबले.

"हे इथी काऊन वाजली?" सुरज म्हणाला. "घर तं अजून लांब हाये."

दीपिका उठून टीव्हीजवळ आली. मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. तो आवाज मी ऐकला.

"दादा, हे घरी आनाच लागत नाई! सरला की वाजते. कुठी बी सरो!"

"म्हंजे?"

"म्हंजे जाता जाताच वेचाचं! पायरीपासून! त्या गड्याले वजन कुठी होते? आपली टोपली जड होते म्हनून आपन दुरून सुरू करतो. हिऱ्याले वजनच नाई न, दादा!"

आणि ती हसायला लागली. हसता हसता चिडली. "सारं वरीस गेलं! सारं वरीस मी त्या गड्याले फालतू हिंडवलं!" वच्छलाबाई काय झालं म्हणून आत आल्या, तर लेक कोळसा घेऊन घरातल्या घरात जमिनीवर नकाशा काढत होती. त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अवो, वजन नाई तं मंग वेचाचं तरी कायले? बिनवजनाच्या वस्तूनं का पोट भरते?" आणि चुलीकडे परत गेल्या. मला त्यांचं बोलणं पटलं होतं, पण ते असो.

सुरज निघायच्या दिवशी दुपारची एसटी होती. त्या दिवशी लाईन सकाळीच आली. भावाबहिणीनं एकमेकांकडे बघितलं असणार, कारण पुढच्या क्षणी मी सुरजच्या हातात होतो. दीपिकाचा नवा रस्ता असा सुटसुटीत, की माझ्या अंगाला आराम वाटला. पायरी, नदी, रान, खाण. कुठे उलटं फिरणं नाही, एखाद-दुसरं वळण सोडलं तर. डोंगराच्या माथ्याशी शेवटचा हिरा, तिथेच घंटा, आणि समोर दार. लाईन आहे. पंखा फिरतो आहे. वेळ हातात आहे. एक कळ दाबायची, बस्स.

सुरजनं कळ दाबली नाही.

"उघड न, दादा!"

त्यानं मला जमिनीवर ठेवलं. अगदी हळू, जसं कधी ठेवलं नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला. "मी सुट्टीत आलो का उघडू. आता रस्ता मालूम हाये न तुले."

"येडा झाला का? लाईन गेली की सारं जाते!"

"जाऊ दे. पुन्हा करू. तुले येते न आता."

"आत्ताच्या आत्ता उघड. नाई तं मी उघडतो!" तिनं हात पुढे केला. त्यानं तिचं मनगट धरलं. जोरात नाही. पण सोडलंही नाही.

"दिपे," तो म्हणाला, "काईतरी उरू दे न माह्यासाठी इथी."

मला त्या क्षणी कळलं. त्याला भीती वाटत होती. पोरगा घर सोडून आयुष्यात पहिल्यांदा चालला होता, आणि त्याला परत यायला एक कारण मागे ठेवून जायचं होतं. पण दीपिकाला ते कळलं नाही. तिला एवढंच दिसलं, की इतक्या दुपारी घालवून घासलेला रस्ता, इतका अचूक रस्ता, या माणसानं दाराशी आणून टाकून दिला. ती त्याच्याशी बोलली नाही. एसटीपर्यंत सोडायला गेली नाही. वच्छलाबाई एकट्याच गेल्या. दीपिका टीव्हीपुढे बसून राहिली, आणि लाईन जाईपर्यंत तिनं मला हात लावला नाही. मग पंखा थांबला.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मग तिनं स्वतः खेळून दार उघडलं असेल. मलाही तेच वाटलं होतं. दोन-चार दिवस तिचा राग टिकला. मग ती अंगणात कमी आणि रस्त्याकडे जास्त बघायला लागली. आणि एके दिवशी तिनं मला डब्यापासून सोडवलं, वच्छलाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, दोन डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवून दिलं. शेजारची पोरं खेळायला मागायची, तर म्हणायची, "नाई. दादाचं हाये. बिघडन."

जपणूक म्हणतात याला! अंधारात, डांबराच्या वासात, वर हिवाळ्याच्या गोधड्यांचं ओझं. ज्याला रोज दाबलं जायचं त्याला कुणी दाबत नाही, म्हणजे काय होतं ते तुम्हाला कळायचं नाही. भिंतीवर आपटलेला मी बरा होतो. टवका उडायचा, पण कळा मऊ राहायच्या. आता आतलं रबर हळूहळू कडक होत चाललं. मी पेटीत ओरडून ओरडून सांगत होतो, अरे, मला बाहेर काढा, कुणीही खेळा, पण खेळा! पेटीला कडी होती.

सुरज पहिल्या सुट्टीत आला तेव्हा गावचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. आख्खी सुट्टी लाईन नाही. तो आला, भात खाल्ला, झोपला, जंगलात फिरला आणि गेला. मला पेटीतून काढलं, नुसतं बघितलं, परत ठेवलं. दुसऱ्या खेपेला सुट्टी मंजूर झाली आणि ऐन वेळी रद्द झाली. तिसरी तशीच. वच्छलाबाईंनी त्याच्यासाठी राखून ठेवलेली चारोळी दोनदा शेजाऱ्यांत वाटून टाकली. दीपिका तोवर कुरखेड्याला कॉलेजात जायला लागली होती, गावात वीज पूर्वीपेक्षा बरी राहत होती, आणि ते दार तसंच बंद होतं.

मग एकदा निरोप आला. सुरज येतोय. या वेळी नक्की.

दीपिकानं मला बाहेर काढलं, डब्याला जोडलं, आणि तिचा अंगठा माझ्या कळांवर फिरला. उजवी चालली. वरची, खालची चालली. उडीची चालली. डावी चालली नाही. तिनं जोरात दाबली. आणखी जोरात दाबली. रॉकेलनं पुसली. माझ्या आत काही हललं नाही. मला लाज वाटली नाही, मित्रांनो, मला राग आला. सांगितलं होतं ना मी!

ती मला घेऊन कुरखेड्याला देवानंदभाऊंकडे गेली. त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्यांनी मला उघडलं, फुंकर मारली, आणि मान हलवली असणार.

"ह्याचं रबर आता भेटत नाई, बाई. कंपनीच बंद झाली. नवीन रिमोट घेशीन तं त्याची पिन लागत नाई ह्याले."

"भाऊ, काईतरी करा न. माहा भाऊ येऊन राह्यला."

"काय करू सांग? डावी सोडून बाकी चालते न? डावीकडे नोको जाऊ मंग!" ते हसत म्हणाले.

दीपिका हसली नाही. घरी येताना एसटीत तिनं मला मांडीवर धरलं होतं आणि तिची बोटं सारखी चाळवत होती. घरी आल्यावर तिनं कोळसा घेतला. चिंचोके घेतले. एवढी मोठी कॉलेजात जाणारी पोरगी, अंगणात उकिडवी बसली.

"आता डावीकडे वळाचंच नाई," ती स्वतःशीच म्हणाली.

जवळजवळ सगळं जमलं. जे एखाद-दुसरं वळण आधीच्या रस्त्यात होतं ते तिनं वरून उडी घेऊन मोडून काढलं. एकच हिरा अडला. खाणीतला. एका मोठ्या दगडामागे, डावीकडे वळल्याशिवाय हाताला लागत नाही असा. तो चिंचोका तिनं किती वेळा उचलला आणि किती वेळा खाली फेकला! चिडून एकदा सगळा नकाशा पायानं पुसून टाकला. मग पुन्हा काढला. तिनं खेळून बघितलं, पडली, मेली, पुन्हा खेळली. तिचे अंगठे सुरजसारखे चलाख नव्हते. पण एकदा ती पडली तेव्हा माझ्यावरचा तिचा अंगठा एकदम ताठ झाला, आणि तिनं तो खेळ तिथेच सोडून दिला. काय सापडलं होतं ते मला कळलं नाही.

सुरज आला. हात आधीपेक्षा खरखरीत. मला उचललं तेव्हा मी ओळखलंच नाही. दीपिकानं त्याला जेवूही दिलं नाही नीट.

"बस. खेळ. डावी कळ मेली हाये. मी सांगतो तसा जा."

"डावी नाई तं कसं होईन बे?"

"होते. जा तू."

पायरी, नदी, रान. तो जरा अडखळत होता, पण अंगठ्यांना आठवत होतं. खाणीत शिरला.

"आता थांब," दीपिका म्हणाली. "समोरून डुक्कर येते न? पळू नोको. येऊ दे अंगावर."

"मरीन न मी!"

"नाई मरत. एक धडक खाऊन घे. तो मांगं फेकते तुले. तिथीच हाये तो."

सुरजचे अंगठे माझ्यावर नुसते टेकलेले होते. काहीही न करणं त्याला किती जड जात होतं ते मला कळत होतं. मग धडक बसली. गडी उलटा उडाला असावा, डावीकडे, त्या दगडामागे, कारण दीपिका टाळ्या पिटायला लागली आणि सुरज ओरडला, "अबे! घेतला! मार खाऊन घेतला!" वच्छलाबाई हातात पळी घेऊन दाराशी आल्या.

पुढचं सरळ होतं. डोंगर. शेवटचा हिरा. घंटा. दार.

आणि सुरजचा अंगठा पुन्हा थांबला. तळवा पुन्हा ओला. मला वाटलं, झालं, हा परत मला जमिनीवर ठेवणार, परत पेटी, परत डांबराच्या गोळ्या! मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

दीपिकानं आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला.

मला दिसत नाही, हे मी सांगितलंच आहे. दाराआड काय होतं ते त्या दोघांनी मोठ्यानं कधी बोलूनही दाखवलं नाही. मग सुरज म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच!" दीपिका म्हणाली, आणि दोघं असे हसत सुटले की मी त्यांच्या हातातून खाली पडलो. वच्छलाबाई विचारत होत्या, "काय हाये, मले बी सांगा न!" पण कुणाला बोलता येईना.

हसणं ओसरल्यावर सुरज म्हणाला, "आता मी सुट्टीत येऊ कायले?" थट्टेनंच म्हणाला. पण मला उचलून घट्ट धरून ठेवलं.

दीपिकानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात. "गेमसाठी येत होता का रे तू? माय हाये इथी. मी हाये. तसाच येत जा न, रिकामा!"

सुरज भिंतीला टेकून बसला. वच्छलाबाई त्याच्याजवळ बसल्या आणि त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एवढा मोठा सैनिक, पण उठला नाही.

मी आता शेजारच्या पोरांकडे असतो, मित्रांनो. ती मला ओढतात, आपटतात, माझ्यासाठी भांडतात. डावी कळ अजून मेलेली आहे आणि पोरं डुकराची धडक खायला शिकली आहेत. मी कुरकुरतो, पण मनापासून नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्या वस्तू जपायच्या असतील तर हातात ठेवा, पेटीत नाही. आणि कुणी आपल्या माणसासाठी एखादं दार बंद ठेवून बसलं असेल, तर त्याला म्हणावं, दार उघडून टाक. येणारा तसाही येतो.